लुस्त्राचा तीमथ्य

प्रिय भाचीस,



देवभीरू माणसांचा कित्ता गिरवायला गेलं की मैत्रिणी हसतात, घरातली माणसंही ‘इतकं ताणू नकोस’ म्हणतात. मग अशा माणसांकडे बघून चालण्यात काय अर्थ, असं तू विचारलंस. आदर्श धरला की वाट सोपी होईल, असं तू कुठेतरी गृहीत धरलं आहेस असं मला वाटतं. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढ. आपलं शिक्षण, वागणूक, धीर, प्रीती हे सगळं तू जवळून पाहिलंस, असं तो शिष्याला सांगतो, आणि त्याच दमात अंत्युखिया, इकुन्या आणि लुस्त्र इथे झालेल्या छळाची आठवण देतो. लुस्त्र हे तीमथ्याचं गाव. तिथेच लोकांनी पौलाला दगडमार केला, मेला समजून वेशीबाहेर ओढून टाकलं, आणि तो उठून पुन्हा त्याच गावात शिरला. गावात घडलेली ही गोष्ट तीमथ्याला ठाऊक नसणं शक्यच नाही. पुढच्या फेरीत पौल लुस्त्राला आला तेव्हा हा तरुण त्याच्यासोबत निघाला. दगड खाल्लेला माणूसच त्याने गुरू म्हणून पत्करला. विरोध होत असताना वागायचं कसं, हे अशाच माणसाकडून शिकता येतं.

यावर कोणी म्हणेल, माणसं हवीत कशाला, ख्रिस्त पुरेसा आहे. खरं आहे, आणि पौलही तेच मानतो. म्हणून करिंथकरांना तो स्वतःचं अनुकरण करायला सांगतो ते आपण ख्रिस्ताचं करतो त्या मर्यादेतच. इब्री लोकांस पत्रात, तेराव्या अध्यायात, पुढाऱ्यांच्या विश्वासाचं अनुकरण करायला सांगितलं आहे. हा ‘विश्वास’ शब्द महत्त्वाचा: घ्यायचा तो विश्वास, पद्धत नव्हे. स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या पंडिता रमाबाईंनी जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. ब्रिस्टलमधली अनाथालयं त्याने माणसांपुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर चालवली. रमाबाईंनी तो भरवसा घेतला, ब्रिस्टलचा नमुना मात्र केडगावच्या आपल्या आश्रमात उतरवला नाही. तिथे त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालवला. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना आईसारखा आधार दिला, त्यांच्याशीही त्या सिद्धांतांच्या प्रश्नांवर पत्रांतून वाद घालत राहिल्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. उपकार मानायचे आणि विवेकही गहाण टाकायचा नाही, हे मला त्यांच्यात फार मोलाचं वाटतं.

दुसरी शंका जास्त अवघड आहे: विरोध होतो म्हणजे आपलंच चुकत असेल का? की विरोध होतो म्हणूनच आपण बरोबर? दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बजावतो की दुसऱ्याच्या कामात लुडबूड करून ओढवलेलं दुःख हे ख्रिस्तासाठी सोसलेलं दुःख नव्हे. रमाबाईंपुढेही हा प्रश्न आला. 1893 साली पुण्यात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर वादळ आलं. तिथे कोणावर धर्म लादला जाणार नाही असं वचन होतं. रमाबाई खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकर काही स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते. वचनाबद्दलची त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही, आणि तूही आपल्या माणसांचा मोठेपणा राखण्यासाठी विरोधकांना लहान करू नकोस. रमाबाईंनी कोणाला प्रार्थनेला बोलावलं नाही, पण विश्वास लपवण्यासाठी दारही लावून घेतलं नाही. त्यानंतर त्यांच्या हातून काय घडलं तेही पाहा. तीनच वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या, त्यांना अन्न दिलं, शिकवलं. अपमानाने मन कडवट झालेल्या माणसाकडून हे होत नाही. आदर्श निवडताना हीच खूण बघ: टीका पचवल्यावर त्या माणसात दुसऱ्यासाठी जागा वाढली की आटली?

‘पण मी रमाबाई नाही, मला चारचौघांत बोलायचीही धास्ती वाटते,’ हे तुझं शेवटचं वाक्य. तीमथ्यही काही धीट गडी नसावा. त्याला तुमच्यात निर्धास्त राहता येईल असं बघा, त्याला कोणी तुच्छ लेखू नये, अशी शब्द टाकून विनवणी पौलाने करिंथकरांना केली आहे. त्याचं पोट वरचेवर बिघडत असे, हेही पौलाच्याच पत्रातून कळतं. आता इब्री लोकांस पत्राचा तोच तेरावा अध्याय शेवटपर्यंत वाच. निरोपाच्या ओळींत जाता जाता एक बातमी आहे: आपला बंधू तीमथ्य सुटला आहे. कुठल्या बंदिवासातून, किती दिवसांनी, काहीच सांगितलेलं नाही.

तुझा,
मामा