अंगी लागणारी घोडी

काही घोडी पोतंभर खाऊनही फासळ्या दाखवतात. माझी भीमथडी घोडी वाऱ्यावर सुटते. रोज सकाळी तासभर तिच्यावर बसतो, तरी सुटते.

1. घाम बघून चंदी वाढवू नये. तासभर रपेट म्हणजे केवढी मेहनत, या समजुतीनं मी संध्याकाळी तोबऱ्यात दोन किलो हरभरा भिजवून द्यायचो, वर गुळाचा खडा. खरं तर हलक्या कामाला नुसत्या उभ्या घोड्यापेक्षा साधारण 20 टक्केच ऊर्जा जास्त लागते. दमत होतो तो मीच.

2. रोज बघणाऱ्याला लठ्ठपणा दिसत नाही. मला तो तंगानं सांगितला, दोन भोकं मागं सरकून. आता महिन्याला शिंप्याची टेप काढतो. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11880. घेर 156, लांबी 145, म्हणजे 297 किलो. अंदाजच तो, पण वाढ-घट कळते. शिवाय फासळ्यांवर हात फिरवायचा. त्या दिसू नयेत, पण बोटांना लागाव्यात. आयाळीखाली मान टणक लागली, की समजायचं आपलं चुकतंय.

3. उसाचे वाढे घोडीला नकोत. आमच्याकडे हंगामात ते बांधाबांधावर पडलेले असतात, जनावरं आवडीनं खातात, मीही टाकले. एका पहाटे ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागं घेऊन उभी होती. हलेना. खूर हाताला गरम लागत होते, खुराच्या वर नाडी ठणठण उडत होती. डॉक्टरांनी पाय नंतर बघितले, आधी चंदीचा डबा उघडून बघितला. साखर आणि चरबी, दोन्ही खुरात उतरतात म्हणाले. खुराला हाड धरून ठेवणारा आतला थर सुजला होता. तीन महिने खोगीर खुंटीवरच राहिलं.

4. म्हणून उपाशी मारू नये. घाबरून मी तेही केलं, तर तिनं दाराची फळी कुरतडली. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झरतं, पोट रिकामं राहिलं तर व्रण होतात. लठ्ठ घोडी एकदम उपाशी पडली तर अंगातली चरबी रक्तात उतरते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

5. आता दिवसाला साडेचार किलो वाळलेलं मारवेल, काट्यावर तोलून, चार वेळा. बारीक भोकाच्या जाळीत भरलं की चार घासांत संपणारं गवत तासभर पुरतं. आधी ते तासभर पाण्यात बुडवतो, साखर थोडी उतरते. पाणी फेकून द्यायचं, आणि उन्हाळ्यात गवत आंबायच्या आत खायला घालायचं.

6. चंदी जवळजवळ बंद. मूठभर कोंडा, तोही खनिज मिश्रण आणि मीठ पोटात जावं म्हणून. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम थोडं, तेव्हा मूठ ती मूठच.

7. चंदी खाणाऱ्या घोड्याची ती सुट्टीच्या दिवशी निम्मी करावी. आराम आणि भरपूर दाणा झाला, की दुसऱ्या दिवशी कामावर पुठ्ठे आखडतात, लघवी कॉफीसारखी होते.

8. घरातल्यांना सांगून ठेवावं. मी सांगितलं. आई तरी गोठ्यामागून अर्धी भाकर देतेच. ती मी गवतातून वजा करतो. आईला हे ठाऊक नाही.