मंडळ सुनांवर चालतं

अगं, तरुण पोरी मंडळात टिकत नाहीत म्हणून तू किती खट्टू झालीस, ते फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं. आता जरा निवांत बस आणि ऐक. आपल्या जालन्याकडच्या बायकांच्या भजनी मंडळात लेकी टिकतच नसतात. त्यांच्याकडून पंचपदी पाठ करून घ्यावी, पेटीवर बोटं बसवावीत, आणि त्या लग्न होऊन सेलूला नाहीतर मेहकरला जाव्यात, असंच चालत आलंय. मंडळ चालतं ते सुनांवर. सिंदखेडराजाची, जिंतूरची, गेवराईची सून येते आणि माहेरच्या चाली घेऊन येते. म्हणून मला तुझ्याकडून एकच जाणून घ्यायचंय: पहिल्या एकादशीला हौसेनं आलेली सून पुढच्या एकादशीला का फिरकली नाही?

तुमच्या मंडळाची पट्टी कोणती, ते आधी बघ. मला वाटतं पांढरी चार. ती कुणी ठरवलेली नसते, ती आपोआप खाली आलेली असते. पाळी गेल्यावर बाईच्या स्वरतंतूंमध्ये फरक पडतो, आवाज जाडसर होतो, तार सप्तकातला सा जड जायला लागतो. मग ज्येष्ठ बायका दरवर्षी थोडं थोडं खाली उतरतात. आता पंचविशीतल्या सुनेचा गळा मोकळा होतो काळी चारला, काळी पाचला. पांढरी चारला गाताना ओळ मंद्रात उतरली, की तिचा आवाज ऐकूच येईनासा होतो. ती बिचारी ओठ हलवत टाळ धरते, आणि मागून काकू म्हणतात, "आजकालच्या पोरींच्या गळ्यात जीवच नाही." अशी पोर परत कशाला येईल?

यावर उपाय आहे, आणि तो कुणालाही न दुखावता होतो. रूपाचे अभंग आणि हरिपाठ ज्येष्ठांच्या पट्टीत ठेव. गौळणी वरच्या पट्टीत घे, आणि त्या सुनांना उचलू दे. त्या वेळात काकूंनी टाळ धरावेत, धृपदाला साथ करावी, गळ्याला विसावा द्यावा. पेटी स्केलचेंजर असेल तर पट्टी बदलायला क्षण लागत नाही. नसेल तर वाजवणारीनं दोन्ही पट्ट्यांत हात बसवायला हवा. ती कुरकुर करेल, पण तिच्याकडून हे करून घेच.

आता दुसरं, हे बाहेर बोलू नकोस. सासू आणि सून एकाच मंडळात असल्या तर सून तोंड उघडत नाही. घरी जिच्यापुढे पदर सावरून उभं राहायचं, तिच्याच शेजारी बसून अभंग उचलायचा, हे नव्या सुनेला जमत नाही. त्यात सासूनं सगळ्यांदेखत एकदा जरी "चाल चुकली गं" म्हटलं, की संपलंच. त्या दोघींना शेजारी बसवू नकोस. सुनेची चूक दाखवायची असेल तर ती तू दाखव, नंतर, बाजूला घेऊन. आणि ती चांगलं गायली, की सासूच्या कानावर पडेल असं तिचं कौतुक कर. सासूलाही ते हवंच असतं गं.

ज्येष्ठ ऐकत नसतील तर त्यांना जांबची आठवण दे. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा, सन १६०८ चा, हे त्या सगळ्या अभिमानानं सांगतात. त्याच समर्थांनी वेणाबाईंना, एका बालविधवेला, त्या काळात कीर्तनाला उभं केलं आणि पुढे मिरजेचा मठ तिच्या हाती दिला. आपल्याला तर सुनेला फक्त एक गौळण द्यायची आहे.

चालींच्या भांडणात मात्र मी काकूंच्या बाजूनं आहे. सिनेमाच्या गाण्यावर अभंग बसवायची नवी खोड मला पटत नाही. भजनी ठेक्यातली जुनी चाल अशी घडलेली आहे की गाणं न शिकलेल्या बायकाही ती एका दमात, एका आवाजात म्हणू शकतात. मोबाइलवरच्या गाण्यात एकाच गळ्याच्या हरकती असतात, त्या सगळ्यांनी मिळून म्हणायला गेलं की गोंधळ होतो. सुनांना हे असं समजावून सांग, त्यांना पटतं. आणि लगेच विचार, तुझ्या माहेरी हा अभंग कसा म्हणतात? तिनं म्हणून दाखवला की मंडळानं तो शिकायचा, काकूंनीसुद्धा.

वेळेचं तर तुला माहीतच आहे. दुपारी तीनला अंगणवाडीवाली येऊ शकत नाही, शाळेतली बाई येऊ शकत नाही, बँकेतली तर नाहीच. रात्री जेवणं उरकल्यावर नऊला बसा. तान्ह्या बाळाची आई आली तर बाळासकट येऊ दे. ते रडलं तर रडलं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला सगळ्या शेतात असतात, तेव्हा संख्या घटली म्हणून घाबरू नकोस. कार्तिकातला पहाटेचा काकडा तेवढा धरून ठेव, वेचणीला जायच्या आधी तो होतो. घनसावंगी, मंठ्याकडच्या काही जणी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. त्यांचं नाव वहीतून काढायचं नाही. गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आल्या की आपण होऊन निरोप धाडायचा. आणि दरवर्षी नव्या एकसारख्या साडीचा आग्रह सोड माय, ज्यांना ते पैसे जड जातात त्या काहीतरी कारण सांगून घरीच राहतात.

पाळीच्या दिवसांचंही बोलून टाक. महिन्यातले चार-पाच दिवस बाजूला बसायचं आणि का आली नाहीस ते चारचौघींत सांगायचं, यानं नव्या पोरी ओशाळतात. मी तर म्हणते, ज्या येतील त्यांनी यावं, कुणी विचारूच नये. तुमच्या मंडळात एवढं लगेच पचणार नाही. निदान विचारणं तरी बंद कर.

गळती दुसऱ्या टोकालाही आहे, तिकडे तुझं लक्ष नाही. साठीच्या काकू नातवंडं सांभाळायला पुण्याला, संभाजीनगरला जातात, आणि त्यांच्याबरोबर चाली जातात. जात्याचं काय झालं आठव. गावोगावी चक्की आली, पहाटेचं दळण थांबलं, आणि सासूकडून सुनेकडे ओव्या जायची जागाच उरली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. आपल्या मंडळासाठी असं कुणी येणार नाही. तुमच्या वीणेकरी काकू दसऱ्यानंतर मुलाकडे जाणार म्हणालीस ना? त्यांच्या भैरवीच्या चाली मोबाइलवर उतरवून घे. ते काम सर्वांत नव्या सुनेकडे दे, आणि तिला एकटीला त्यांच्या घरी पाठव.