कोऱ्या कॅनव्हासपासून चित्रापर्यंत : प्रभाकर बरवे यांची निर्मितिप्रक्रिया

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• प्रेरणा आणि निर्मितिप्रक्रिया यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• परिचित वस्तूचे प्रतिमेत रूपांतर कसे होते, हे सांगता येईल.
• कल्पनाप्रधान चित्राच्या आस्वादाविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

३.२ प्रस्तावना

प्रतिभा म्हणजे अकस्मात होणारा साक्षात्कार आणि कल्पना म्हणजे वास्तवापासून दूर नेणारी शक्ती, असे दोन समज रूढ आहेत. ते खरे मानले, तर ज्याला साक्षात्कार होत नाही त्याने निर्मितीची वाट धरूच नये, असा निष्कर्ष निघतो. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे कार्य या समजांची फेरतपासणी करायला लावते. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचे पुस्तक मराठीत असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकांना ते विशेष जवळचे आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ प्रेरणेची भूमी
मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतल्यानंतर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. त्या निमित्ताने १९६० च्या दशकात त्यांचे वाराणसीत वास्तव्य झाले. तेथे तांत्रिक चिन्हांचा प्रभाव त्यांच्या चित्रांवर पडला. पुढे मात्र त्यांनी परंपरेने दिलेली ही तयार प्रतीके मागे ठेवली आणि ते रोजच्या वस्तूंकडे वळले. प्रेरणा बाहेरून मिळाली, तरी तिच्यावर विसंबून राहता येत नाही, हे येथे लक्षात येते.

३.३.२ वस्तूकडून प्रतिमेकडे
घड्याळ, पान, फळ, शंख यांसारख्या वस्तू त्यांच्या चित्रांत दिसतात. व्यवहारात आपण वस्तू पाहत नाही, तिचा उपयोग पाहतो. घड्याळाकडे नजर गेली की वेळ कळते आणि घड्याळ विसरले जाते. समजा, हा उपयोग बाजूला सारला, तर वर्तुळ आणि काटे उरतात. त्यांच्याजवळ एखादे सुकलेले पान मांडले, तर पानाचे सुकणे हेही कालमापनच आहे, असे जाणवू लागते. कवितेतील रूपकात उपमेय आणि उपमान यांचा संबंध शब्द जोडतात. चित्रात तो दोन आकारांमधील अंतर जोडते. म्हणजेच कल्पनाशक्ती येथे वास्तव सोडत नाही. वस्तूंमधील नाती बदलते.

३.३.३ टिपणवहीपासून कॅनव्हासपर्यंत
बरवे नियमितपणे दैनंदिनी लिहीत. त्यांत रेखाटने आणि विचार शेजारी शेजारी आढळतात. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली भरलेल्या प्रदर्शनात चित्रांसोबत या वह्याही मांडल्या होत्या. सुचलेले टिपणे, पुन्हा रेखाटणे, अनावश्यक ते गाळणे आणि मगच रंगवणे, असा चित्राच्या वाढीचा क्रम अशा वह्यांमधून समजून घेता येतो. त्यांनी एनॅमल रंगही वापरले. हा रंग गुळगुळीत, सपाट थर देतो. त्यामुळे कुंचल्याचे फटकारे मागे पडून आकार आणि त्यांच्याभोवतीचा अवकाश ठळक होतो. तो अवकाश म्हणजे उरलेली जागा नव्हे, तर रचनेचाच एक घटक होय.

३.३.४ आस्वादाचा प्रश्न
‘या चित्राचा अर्थ काय?’ असे विचारताना आपण चित्राला कोडे समजतो आणि प्रत्येक वस्तूला एकच उत्तर चिकटवतो. त्याऐवजी ‘या वस्तू एकमेकींच्या जवळ का आहेत?’ असे विचारावे. उत्तर शोधताना चित्रकाराने केलेला प्रवास रसिकही काही अंशी करतो.

३.४ सारांश

प्रेरणा हा आरंभबिंदू आहे. चित्र घडते ते निरीक्षण, टिपण, निवड आणि मांडणी यांतून. कोऱ्या कॅनव्हाससमोरचे किंवा कोऱ्या कागदासमोरचे भय साक्षात्काराची वाट पाहून सरत नाही. जवळची एखादी वस्तू नीट पाहण्यापासून काम सुरू करता येते.

३.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कल्पनाशक्ती वास्तव सोडत नाही’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. कवितेतील रूपक आणि चित्रातील प्रतिमा यांची तुलना करा.
३. उपक्रम : घरातील एक वस्तू निवडा. तिचा उपयोग न सांगता दहा ओळींत तिचे वर्णन करा.