वस्तीचा कारभारी कोण?
(चीनमधील शहरांच्या अनुभवाचा एक अभ्यास)

जिन्यातला दिवा गेला, नळाला पाणी आले नाही, शेजारच्या एकट्या म्हातारीला रात्री दवाखान्यात न्यायचे आहे. अशा वेळी माणूस प्रथम कोणाचे दार ठोठावतो, त्यावरून त्या वस्तीचा खरा कारभारी कोण ते कळते. संसद, विधानसभा, महानगरपालिका यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. परंतु घराच्या उंबरठ्यापासून गल्लीच्या टोकापर्यंतच्या कारभाराचा अभ्यास फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्यासाठी चीनमधील शहरांचे उदाहरण घेतले आहे. कारण एकाच पिढीने तेथे शासनाची घट्ट पकडही पाहिली आणि ती सैल होतानाही पाहिली.

१. कामाचे ठिकाण हेच मायबाप

१९७८ पूर्वी चीनमधील शहरी कामगाराचे सारे जीवन त्याच्या 'दानवेइ'शी, म्हणजे कामाच्या संस्थेशी, बांधलेले असे. पगार, राहण्याची खोली, औषधपाणी, निवृत्तिवेतन, पुष्कळदा मुलांची शाळासुद्धा तिच्याकडूनच मिळे. जे अशा संस्थेत नव्हते, म्हणजे गृहिणी, वृद्ध, बेकार, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली रहिवासी समित्या होत्या. पहिली समिती ऑक्टोबर १९४९ मध्ये हांगचौ शहरात निवडली गेली आणि ३१ डिसेंबर १९५४ रोजी या समित्यांसाठी देशव्यापी नियम झाले. स्वच्छता राखणे, भांडणे मिटवणे, सरकारी निरोप पोहोचवणे ही त्यांची कामे. वस्तीत कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवणे हेही त्यांच्याकडेच असे. नाव रहिवाशांचे असले तरी प्रत्यक्षात ती सरकारी शिडीची शेवटची पायरी होती.

२. गाठी सुटू लागल्या

१९७८ नंतर आर्थिक सुधारणा सुरू झाल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात व त्यानंतरच्या काही वर्षांत सरकारी कारखान्यांतील दोन कोटींहून अधिक कामगार घरी बसले. १९९८ मध्ये संस्थेमार्फत घर वाटण्याची पद्धत बंद करण्याचा निर्णय झाला आणि लोक घरे विकत घेऊ लागले, अनेकजण बँकेचे कर्ज काढून. आम्ही बँकेत गृहकर्जाची प्रकरणे हाताळतो. भाड्याच्या खोलीत गळणारा नळ निमूटपणे सोसणारा माणूस स्वतः हप्ते भरू लागला की जाब विचारू लागतो, हे आम्ही रोज पाहतो. चीनमध्येही तेच घडले.

मात्र संस्थेने सोडलेला भार कोणीतरी उचलायलाच हवा होता. बेकार, निवृत्त, आजारी अशी सगळी माणसे आता वस्तीच्या दारात उभी राहिली. म्हणून २००० पासून शासनाने 'वस्ती-उभारणी'चे धोरण देशभर राबविले. लहान समित्या एकत्र करून मोठ्या केल्या, त्यांना कार्यालये दिली आणि शिकलेले तरुण कार्यकर्ते नेमले.

३. एका वस्तीत तीन कारभारी

(अ) रहिवासी समिती : १९८२ च्या संविधानाने तिला स्वशासनाची संस्था म्हटले. १ जानेवारी १९९० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार १०० ते ७०० कुटुंबांमागे एक समिती, ५ ते ९ सदस्य आणि ३ वर्षांची मुदत ठरली. परंतु समितीचा खर्च आणि सदस्यांचे मानधन सरकारकडून येई. दोन कागद एकाच वेळी टेबलावर आले, एक रहिवाशाचा आणि एक वरच्या कार्यालयाचा, तर आधी कोणता हातात घेतला जाईल, हे सांगायला नको.

(आ) व्यवस्थापन कंपनी : शेन्झेन शहरात १९८१ पासून अशा कंपन्या सुरू झाल्या. पहारा, झाडलोट, दुरुस्ती या कामांसाठी त्या दरमहा शुल्क घेतात.

(इ) घरमालकांची समिती : हिचा प्रारंभही शेन्झेनमध्येच, १९९१ साली झाला. २००३ च्या नियमांनी आणि २००७ च्या मालमत्ता कायद्याने तिला देशभर आधार दिला. हा कायदा २०२१ पासून नागरी संहितेत सामावला गेला आहे. कंपनी नेमण्याचा किंवा काढण्याचा निर्णय घरमालक मतदानाने घेऊ शकतात. साध्या माणसाने एकत्र येऊन बलाढ्य कंपनीला हिशेब मागणे ही लहान गोष्ट नव्हे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्यानुसार गृहनिर्माण संस्थेत घर लहान असो वा मोठे, एका सभासदाला एकच मत असते. चीनमध्ये डोक्यांबरोबर घराचे क्षेत्रफळही मोजले जाते. आणि भाडेकरूला? या मतदानात त्याला स्थानच नाही. खेड्यातून आलेल्या कोट्यवधी मजुरांची कुटुंबनोंदणी, म्हणजे 'हुकोउ', गावीच राहते. शहराच्या इमारती त्यांनी बांधल्या, पण तेथील बहुतेक मतयाद्यांत त्यांचे नाव आले नाही.

४. सैल दोरी पुन्हा आवळते

दोरी सैल झाली म्हणजे सुटली असे नव्हे. २००४ मध्ये पेइचिंगच्या तुंगछंग विभागात वस्तीचे सुमारे दहा-दहा हजार चौरस मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकावर देखरेखीसाठी माणूस नेमला गेला. ही पद्धत पुढे इतर शहरांत पसरली. २०२० मध्ये वूहान शहर ७६ दिवस बंद होते. तेव्हा वस्तीच्या फाटकावर ताप मोजणारे आणि घरपोच भाजी व औषधे देणारे कार्यकर्ते याच समित्यांचे होते. उपाशी म्हाताऱ्याला अन्न देणारा हात आणि फाटकाला कुलूप लावणारा हात एकच होता. ही यंत्रणा समजून घेताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

समारोप

या अभ्यासातून आम्हांस असे दिसते की शासन मागे सरले की ती जागा आपोआप लोकांच्या हाती येत नाही. जो संघटित असतो किंवा ज्याच्याजवळ पैसा वा मालमत्ता असते, तो आधी तेथे बसतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनी आपल्या चाळीचा, वसाहतीचा, संस्थेचा कारभार पाहताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. कारभारी कोण निवडतो? त्याच्या खर्चाचा पैसा कोठून येतो? तो चुकल्यास त्याला दूर करता येते का? आणि ज्याच्या नावावर घर नाही, त्याला सभेत बोलता येते का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरे कितीही चांगली असली तरी तेथील लोकशाही अपुरीच समजावी.