निर्देशिका-सेवा : व्यक्ती, गट व अधिकार

एखाद्या महाविद्यालयात अनेक संगणक असतात. परीक्षेचे गुण कोणी भरावेत, वेतनपत्रक कोणी उघडावे, हे प्रत्येक संगणकावर निरनिराळे नोंदविल्यास त्या नोंदींत मेळ राहणार नाही. म्हणून सर्व नोंदी एकत्र ठेवून प्रत्येक संगणकाने तेथेच विचारणा करावी, अशी योजना केलेली असते. तिला निर्देशिका-सेवा असे म्हणतात. अशा सेवेचे ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ साली ठरले. त्याच्या वापरासाठी मिशिगन विद्यापीठात ‘एलडॅप’ ही सुटसुटीत नियमावली तयार झाली व तिचे विवरण १९९३ साली प्रसिद्ध झाले.

निर्देशिकेची रचना वंशवृक्षासारखी असते. मुळाशी संस्था, तिच्या शाखा व टोकाला व्यक्ती. टोकापासून मुळापर्यंतची नावे क्रमाने वाचली म्हणजे त्या व्यक्तीचे पूर्ण नाम मिळते. एक पूर्ण नाम एकाच वेळी दोन नोंदींना असू शकत नाही.

प्रत्येक विभागाची स्वतंत्र शाखा करून तीत माणसे ठेवावीत, असे प्रथम वाटते. परंतु बदली होताच नोंद हलवावी लागते व पूर्ण नामही बदलते. शिवाय वृक्षात नोंदीला स्थान एकच. माणूस मात्र एकाच वेळी शिक्षक, परीक्षक व ग्रंथालय-समितीचा सभासद असू शकतो. म्हणून सर्व व्यक्ती एका शाखेत व गट दुसऱ्या शाखेत ठेवणे सोयीचे ठरते. गटाच्या नोंदीत सदस्यांच्या पूर्ण नामांची यादी असते. अधिकार व्यक्तीस न देता गटास द्यावयाचे. नवा परीक्षक आला, की त्याचे नाव परीक्षकांच्या गटात घातले म्हणजे काम झाले.

येथे एक धोका संभवतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची नोंद काढून टाकली, तरी गटाच्या यादीतील त्याचे नाव आपोआप जाईलच असे नाही. काही प्रणालींत ही व्यवस्था असते, काहींत नसते. पुढे त्याच पूर्ण नामाने दुसऱ्या कोणाची नोंद झाली, तर जुने अधिकार नकळत त्या नवागताच्या हाती पडतात. विद्यार्थ्यांचे गुण मग भलत्याच माणसास बदलता येतील. यास्तव माणूस जाताच त्याचे नाव प्रथम सर्व गटांतून वगळावे, ते नाम पुन्हा कोणास देऊ नये आणि गटांच्या याद्या ठराविक काळाने तपासून पाहाव्यात.