लँडिंग गिअर का मोडलं?

'फटीग' हा शब्द आपल्याला दोनदा भेटतो. एकदा मटेरियलच्या तासाला आणि एकदा सबमिशनच्या रात्री! पहिल्या फटीगची एस-एन कर्व्ह मी ओरलपुरती घोकली होती. सेमिनारसाठी एका मालवाहू विमानाच्या अपघाताचा तपास वाचला, तेव्हा कुठे ती डोक्यात शिरली.

२८ ऑक्टोबर २०१६. फेडेक्सचं एमडी-१०-१०एफ विमान मेम्फिसहून माल घेऊन अमेरिकेतल्याच फोर्ट लॉडरडेलला उतरलं. चाकं टेकली आणि धावपट्टीवर वेग कमी होत असतानाच डावीकडचं मुख्य लँडिंग गिअर मोडलं. विमान डाव्या अंगावर घासत गेलं, पंखाने पेट घेतला. आत दोघेच वैमानिक होते. ते कसेबसे बाहेर पडले आणि वाचले.

तपास अमेरिकेच्या एनटीएसबीने केला. आणि इथून आपला सिलॅबस सुरू होतो.

लँडिंग गिअरचा सिलिंडर म्हणजे एक अवाढव्य शॉक ॲब्सॉर्बर. त्यात वायू भरायला व्हॉल्व्ह लागतो, व्हॉल्व्हसाठी भोक लागतं. ओढलेल्या रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो, हे आपण शिकलोच आहोत. भेग या भोकापाशीच निघाली. तिचं मूळ होतं गंजाने पडलेली एक बारीकशी खळगी. तिथे कॅडमियमचा थर हवा होता, तो नव्हता. का नव्हता, याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही.

कॅडमियम स्वतः झिजतं आणि पोलादाला राखतं. ते गेलं की गंज, गंजातून खळगी, खळगीतून भेग; आणि दर लँडिंगला भेग थोडी पुढे. त्यातून हे पोलाद फार मजबूत, पण भेगेच्या बाबतीत नाजूक. तुटायला छोटी भेगही पुरते.

मला खरा धडा पुढे मिळाला. उत्पादकाची शिफारस होती, दर ८ वर्षांनी ओव्हरहॉल करा. कंपनीने स्वतःची मर्यादा ठेवली होती ९ वर्षं. गिअर मोडलं तेव्हा ८ उलटली होती, ९ व्हायची होती. म्हणजे कागदोपत्री सगळं ठीक! पण वाढीव मुदतीत भेग वेळेवर सापडेलच, हे दाखवणारी पुरेशी आकडेवारी नव्हती. एनटीएसबीने नेमकं यावरच बोट ठेवलं.

हे वाचताना मला आमचा वर्कशॉपमधला तक्ता आठवला. लेथला रोज तेल पाहून सही करायची असते. गेल्या सेमला आम्ही आठवड्याच्या सह्या शनिवारी एका दमात ठोकायचो. काही बिघडलं नाही, म्हणून आपण शहाणे, असं वाटायचं. आता वाटतं, भेगेला आपली सही वाचता येत नाही.

या सेमला मी रोज तेल बघतो. मित्र हसतात. हसू देत!