शिंकेचा वेग आणि त्याचे धारण

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी अंकात शिंकेसारख्या क्षुल्लक गोष्टीवर लेख कशाला, असे काही सभासद बंधुभगिनींना वाटेल. परंतु घरोघर नित्य घडणाऱ्या आणि म्हणूनच ज्यांचा कोणी विचार करीत नाही, अशा गोष्टींचाच थोडा अभ्यास केलेला बरा, असे आमचे मत आहे. शिवाय शिंक दाबण्याची खोड आपल्या मंडळींत पुष्कळ आहे. अकोट्याच्या सर सयाजीराव नगरगृहात मराठी नाटक रंगात आले असावे, रंगमंचावर नायिका हलक्या आवाजात बोलत असावी, आणि नेमकी त्याच वेळी नाकात हुळहुळ सुरू व्हावी! अशा वेळी आपण काय करतो? दोन बोटांनी नाक घट्ट दाबतो, ओठ मिटतो आणि ती शिंक आतल्या आत जिरवतो. शेजारचा प्रेक्षक धन्यवाद देतो, पण आपल्या कानात मात्र ‘फट्’ असा आवाज होतो. आमच्यापैकी एका गृहस्थांचा कान असाच दोन दिवस ठणकत होता.

शिंकेविषयी आपल्याकडे समजुती थोड्या नाहीत. घरातून निघताना कोणी शिंकले की पाऊल उंबरठ्यातच थबकते. ठरलेले काम फिसकटले तर ‘कुठे माशी शिंकली?’ असे विचारतात. बोलता बोलता शिंक आली तर बोललेले ‘सत्य’ ठरते. आमचे गुजराती शेजारी शिंकणाऱ्याला प्रेमाने ‘खम्मा’ म्हणतात. आणखी एक गंमत अशी की आपल्याला शिंक येते, तर गुजरातीत शिंक ‘खातात’. आमच्या आजच्या विषयाला हा वाक्प्रचार फारच लागू पडतो, कारण शिंक खरोखरीच गिळली तर काय होते, तेच आम्हाला सांगावयाचे आहे. अपशकुनाच्या धाकाने किंवा वडीलधाऱ्यांपुढे शिंकणे बरे नव्हे या शिकवणीने शिंक दाबण्याची सवय लागलेल्या लेकी-सुना आम्ही पाहिल्या आहेत. ही सवय निरुपद्रवी नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांनी हे ओळखले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाने प्रसिद्ध आहे. जे शारीरिक वेग अडवू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले असून क्षवथु, म्हणजे शिंक, हा त्यांतील एक होय. शिंक अडविल्याने मान आखडणे, डोके दुखणे, अर्धशिशी, तोंड वाकडे होणे म्हणजे अर्दित, आणि इंद्रियांचे दौर्बल्य हे विकार होतात, असे तेथे म्हटले आहे. त्याच अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध हे मनाचे वेग मात्र आवरावेत असेही सांगितले आहे. आपण बहुधा याच्या उलट वागतो! वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर अडलेली शिंक आणण्यासाठी तीक्ष्ण नस्य, धूम यांबरोबर सूर्याकडे पाहण्याचाही उपाय दिला आहे. उजेडात येताच शिंका येणारी माणसे असतात, हे आजच्या शास्त्रानेही मान्य केले आहे. अर्थात डोळ्यांना अपाय होतो म्हणून सूर्याकडे कोणी टक लावून पाहू नये.

या यादीतील प्रत्येक विकार आज सिद्ध झाला आहे असे आम्ही म्हणत नाही. तोंड वाकडे झाल्यास दाबलेली शिंक आठवत बसू नये, तडक डॉक्टरांकडे जावे. मात्र ग्रंथकारांचा मूळ इशारा योग्य होता, हे शरीराची रचना पाहिली की पटते. नाकाच्या आतील नाजूक त्वचेला धूळ, परागकण किंवा तपकीर लागली की मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या खालच्या भागास वर्दी जाते. मग आपण खोल श्वास घेतो, क्षणभर कंठद्वार मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आवळतात आणि कोंडलेली हवा एकदम नाकातोंडावाटे सुटते. ही हवा ज्या क्षणी सुटणार, त्याच क्षणी आपण दोन्ही दारे बंद केली, तर वरच्या श्वासमार्गातील दाब नेहमीच्या शिंकेपेक्षा कित्येक पटींनी वाढतो. मग हवा वाट सापडेल तिकडे घुसते. घशातून कानाकडे जाणाऱ्या नळीवाटे ती मध्यकर्णात जाते; कान दडे बसतात, क्वचित पडदाही फाटतो. सर्दीत हाच मार्ग जंतूंनाही मिळतो. नाकातील वा डोळ्यातील बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त दिसते.

याहून भयंकर प्रकार विरळा, पण घडलेले आहेत. इंग्लंडमधील लेस्टर येथे एका ३४ वर्षांच्या तरुणाने नाक-तोंड बंद करून शिंक दाबली, तेव्हा त्याचा घसा आतून फाटला. मान सुजली, गिळवेना, आवाज जवळजवळ गेला. नाकातून नळीने अन्न आणि शिरेतून औषधे देत त्याला आठवडाभर रुग्णालयात ठेवावे लागले. ही हकीकत २०१८ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील दुसरी प्रसिद्ध झाली. मोटार चालवताना पट्टा बांधलेल्या एका माणसाने अशीच शिंक कोंडली आणि त्याच्या श्वासनलिकेला दोन मिलिमीटरचे छिद्र पडले. शस्त्रक्रिया न करता ते पाच आठवड्यांत भरून आले, हे त्याचे नशीब.

तर मग चारचौघांत शिंकावे कसे? २०२० च्या महामारीने शिंकणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय सर्वांना लावली आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. शिंकेचे सूक्ष्म तुषार सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून शिंक अडवू नये, पण उघड्यावरही सोडू नये. रुमाल नाकातोंडाशी सैल धरावा, तो नसल्यास कोपराच्या आतील बाजूत शिंकावे, आणि नंतर हात धुवावेत. हुळहुळ नुकतीच सुरू झाली असेल तर नाकाखाली, वरच्या ओठावर बोट दाबून पाहावे. वेग उठण्यापूर्वीच तो शमला तर काही बिघडत नाही. एकदा श्वास आत ओढला गेला की मात्र दार उघडेच ठेवावे. नाकाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तोंड उघडे ठेवून शिंकावे. उत्तरायणाच्या थंडीत गच्चीवर पतंग उडवताना किंवा घर झाडताना ज्यांना एकामागून एक शिंका येतात, त्यांनी नाकावर फडके बांधावे, आणि तरीही त्रास टिकल्यास ॲलर्जीची तपासणी करून घ्यावी.

दाबलेल्या शिंकेनंतर मानेत एकाएकी कळ आली, मान फुगली, तेथे बोटाने दाबल्यावर चुरचुर आवाज आला, आवाज बदलला किंवा गिळताना दुखू लागले, तर तेल चोळत घरी बसू नये. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, रुग्णालय गाठावे, आणि शिंक दाबली होती हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.